आयुष्याचं श्रेय कुणाचं?

दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात मला सरकारला कळवावं लागतं, की मी अजून जिवंत आहे. पेन्शनर मंडळींना हे सांगायला नको. हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. दाखला देऊन बँकेतून बाहेर पडलो, की चार-आठ दिवसांत दत्तजयंतीचे वेध लागतात. गेली अठरा वर्षं हा क्रम चालू आहे. येत्या मार्गशीर्षात मला शहात्तर वर्षं पुरी होतील. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं नोकरी केली, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, आणि आता पेन्शन घेण्याची वर्षं नोकरीच्या निम्म्यावर आली आहेत.

आमच्या जयसिंगपुरात पहाटे फिरायला येणारी मंडळी विचारतात, "काका, तब्येतीचं रहस्य काय?" पूर्वी माझ्याकडे उत्तर तयार असे. पाचला उठणं, चार किलोमीटर चालणं, रात्री आठच्या आत ज्वारीची भाकरी, गुरुवारचा उपवास, तंबाखूला कधी हात नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमांत 'निरोगी दीर्घायुष्य' या विषयावर मी चार-पाच वेळा बोललोही आहे. टाळ्या पडायच्या. बरं वाटायचं.

आता मी ते भाषण करत नाही. का करत नाही, ते या अंकाच्या वाचकांना मोकळेपणानं सांगावं, म्हणून हा लेख.

माझा मोठा भाऊ, दादा, माझ्यापेक्षा साडेतीन वर्षांनी मोठा. वडील १९६४ साली गेले, तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. शेतातून आले, छातीत कळ आली म्हणाले, आणि वैद्याला बोलवायला माणूस घराबाहेर पडायच्या आत संपलं. दादा तेव्हा अठरा वर्षांचा. मॅट्रिक झाला होता, पुढं शिकायची हौस होती. पण आई, मी आणि धाकटी बहीण अशी तीन तोंडं समोर होती. तो इचलकरंजीला गेला. आधी मागावर लागला, मग सूतगिरणीत. मी बी. ए. झालो ते त्याच्या पगारावर. मला सरकारी नोकरी लागली तेव्हा पेढे त्यानंच वाटले.

दादा जून २००४ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला आणि मे २००५ मध्ये गेला. अकरा महिने. अनेकांना ते वर्ष नंतर आलेल्या महापुरामुळं आठवतं. आमच्या घरी पूर त्याआधीच येऊन गेला होता.

दादाला व्यसन कसलंही नव्हतं. सुपारीसुद्धा खात नसे. दर पौर्णिमेला वाडीला जायचा, दत्तजयंतीच्या आधी सात दिवस गुरुचरित्राचं पारायण करायचा. रात्रपाळी असली तरी सकाळी अंघोळ करून पोथीला बसायचा आणि मग झोपायचा. असा माणूस साठीसुद्धा न बघता गेला, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता. "एवढं करूनही?"

दहाव्या दिवशी सोप्यात दहा-बारा माणसं बसली होती. कुणीतरी तो प्रश्न मोठ्यानं विचारला. सगळे माझ्याकडं बघू लागले. मी शिकलेला, कचेरीतला. मी म्हणालो, "देवाधर्माचं ठीक आहे हो, पण दादानं शरीराकडं लक्षच दिलं नाही. कधी चालायला गेला नाही, जेवणाच्या वेळा पाळल्या नाहीत. मग शरीर सोडत नाही."

माणसांनी माना हलवल्या. प्रश्नाला उत्तर मिळालं. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी वहिनी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, हे त्या वेळी माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या कर्मचाऱ्यांची सभा होती. निवृत्तीचं वय अठ्ठावन्नावरून साठ करा, ही मागणी. मीही बोललो. "सरासरी आयुर्मान वाढलं आहे, माणसं आता ऐंशीपर्यंत जगतात, मग अठ्ठावन्नाव्या वर्षी धडधाकट माणसाला घरी का बसवायचं?" बोलताना मला दादाची आठवणसुद्धा झाली नाही. आज या गोष्टीचं नवल वाटतं आणि लाजही.

निवृत्तीचं वय हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. बिस्मार्कच्या काळात जर्मनीनं १८८९ साली म्हातारपणच्या पेन्शनचा कायदा केला, तेव्हा वय ठेवलं होतं सत्तर. त्या काळी कष्टकऱ्यांतले फार थोडे तिथवर पोचत. पुढं १९१६ साली ते पासष्टवर आणलं. आपल्याकडं केंद्र सरकारच्या नोकरांना आधी पंचावन्न होतं, १९६२ मध्ये अठ्ठावन्न झालं, १९९८ मध्ये साठ. महाराष्ट्र सरकारनं बहुतेकांसाठी अठ्ठावन्नच ठेवलं. चतुर्थ श्रेणीला मात्र साठ. म्हणजे आमच्या कचेरीत फायली उचलणारा शिपाई साठपर्यंत नोकरी करायचा आणि त्या फायलींवर सही करणारे साहेब अठ्ठावन्नाला घरी जायचे. हे आकडे माणसांनी आपल्या सोयीनं, तिजोरीकडं बघून, रांगेत उभ्या असलेल्या पोरांकडं बघून ठरवले आहेत. त्यात चूक काही नाही. पण देहाला तो आकडा ठाऊक नसतो.

अठ्ठावन्न म्हटलं की मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. जन्म १८५८ चा. फर्ग्युसन कॉलेजातून १९१४ साली निवृत्त झाले आणि १९१६ साली, म्हणजे बरोबर अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ उभं केलं. शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं आणि १९६२ साली एकशे चार वर्षांचे होऊन ते गेले. माझ्या भाषणात हा दाखला मी हमखास द्यायचो. साधं खाणं, भरपूर चालणं, निरपेक्ष काम, त्याचं हे फळ, असं सांगायचो. एक गोष्ट मात्र सांगत नसे. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव, संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य झिजवलेले, जन्मले १८८२ साली आणि गेले १९५३ साली, एकाहत्तराव्या वर्षी. वडील तेव्हा हयात होते. शतायुषी बापाचं आयुष्य मुलाला वारसानं मिळतं असं म्हणावं, तर हे घर समोर उभं राहतं. आणि आयुष्य ही नुसती आचरणाची कमाई आहे म्हणावं, तर आमचं घर.

आमच्या घराबद्दल भावकीत पूर्वीपासून एक बोली होती. वडील पन्नासाव्या वर्षी गेले, चुलते सेहेचाळीसाव्या. "या घराला पितृदोष आहे," असं म्हातारी माणसं म्हणत. एकदा शांतीही झाली. दादा गेल्यावर ती बोली पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी चिडलो होतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. दोष पितरांचा नाही, जीवनशैलीचा आहे, असं माझं मत. म्हातारी म्हणत होती मागच्यांचं पाप. मी म्हणत होतो दादाची हयगय. शब्द नवे होते, पण बोट मेलेल्या माणसाकडंच होतं. हे मला कळायला अकरा वर्षं लागली.

२०१६ साली माझ्या पुतण्याच्या, दादाच्या मुलाच्या, छातीत दुखायला लागलं. वय बेचाळीस. त्याला घेऊन मी मिरजेला डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कोलेस्टेरॉलचा आकडा बघितला आणि मग एक विचित्र गोष्ट केली. त्याला चपला काढायला सांगून ते त्याच्या टाचेवरची जाड शीर बोटांनी चाचपू लागले. मग पापण्या बघितल्या. मला म्हणाले, "याच्या वडिलांच्या टाचेमागं अशी जाड शीर होती का? पापणीवर पिवळसर चट्टे?"

मी गप्प झालो. दादाच्या टाचेमागची ती शीर मला लहानपणापासून आठवते. दोरखंडासारखी. गिरणीत बारा-बारा तास उभं राहून झाली, असं आम्ही समजायचो. आई रात्री तिथं तेल चोळायची. पापणीवरच्या चट्ट्यांना आम्ही नजर लागू नये म्हणून देवानंच लावलेली तीट म्हणायचो.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल आपलं यकृत ओढून घेत असतं. काही घराण्यांत हे ओढून घेण्याचं काम करणारं जनुक एका बाजूनं बिघडलेलं असतं. मग जन्मल्या दिवसापासून ते काम निम्म्यानंच होतं. माणूस कितीही साधं खाऊ दे, रक्तवाहिन्यांत थर साचत राहतो. अडीचशे-तीनशे माणसांत एखाद्याला तरी हे असतं. वेळीच औषध मिळालं नाही, तर अशा पुरुषांपैकी निम्म्याजणांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. आई किंवा बापाला हा दोष असला, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी.

म्हणजे आम्हा तीन भावंडांसाठी नाणं तीन वेळा उडालं. माझं आणि बहिणीचं एका बाजूला पडलं, दादाचं दुसऱ्या. माझी तपासणी झाली, आकडा अगदी चांगला निघाला. त्या दिवशी मिरजेहून घरी येताना मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दहाव्या दिवशीचं माझं वाक्य डोक्यात घुमत राहिलं.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो. डेन्मार्कमध्ये जुळ्यांची नोंद फार काळजीनं ठेवलेली आहे. १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांची आयुष्यं ताडून तिथल्या संशोधकांनी १९९६ साली अनुमान काढलं, की माणसामाणसांच्या आयुष्याच्या लांबीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव हिस्सा आनुवंशिक असतो. पुढं कुणी तो यापेक्षा कमी धरला, कुणी जास्त. मोजायची रीत बदलली की आकडा बदलतो. पण या पाव हिश्श्याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. माझ्या शहात्तर वर्षांपैकी एकोणीस आईबापांनी दिली आणि उरलेली मी कमावली, असा त्याचा अर्थ होत नाही. तो हिशेब हजारो माणसांच्या समूहाचा आहे. एकट्या माणसापुरतं बघायचं तर एखादं जनुक दादासारखं सगळंच ठरवून टाकतं, आणि एखाद्याच्या बाबतीत काहीच ठरवत नाही.

फ्रान्समधल्या झान कालमाँ या बाई १२२ वर्षं जगल्या. इतकं आयुष्य खात्रीशीर नोंद असलेल्या दुसऱ्या कुणाचं नाही. त्या १९९७ साली वारल्या आणि शंभरी ओलांडल्यावरही बरीच वर्षं सिगारेट ओढत होत्या. म्हणून कुणी सिगारेट ओढायला लागू नये. तंबाखूनं माणसं मरतात ही सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ गोष्ट आहे. पण त्या बाईंकडं बघून आम्हा चालणाऱ्यांनी आपला ताठा थोडा उतरवायला हरकत नाही.

मग उरलेला हिस्सा तरी माझा का? इथं मी दुसऱ्यांदा अडखळलो. माझ्या जन्माच्या सुमाराला, १९४१ ते १९५१ या दशकात, भारतातलं सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षं होतं. आज ते सत्तरच्या आसपास आहे. याचा अर्थ तेव्हा सगळी माणसं बत्तिसाव्या वर्षी मरत होती असा नव्हे. लेकरं फार मरायची, म्हणून सरासरी खाली यायची. माझ्या आईला सहा मुलं झाली, जगलो आम्ही तिघं. तीन पिढ्यांत काही आपली जनुकं बदलली नाहीत. बदललं ते पाणी, लस, पेनिसिलिन, रेशनचं धान्य, बाळंतपणाला नर्स. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी उरला नाही. मी लहानपणी ज्या लसींना, ज्या नळाच्या पाण्याला पात्र झालो, त्यासाठी मी काय केलं होतं? काही नाही. ती समाजाची कमाई, माझ्या खात्यावर जमा झालेली.

आणि ते चालणं? माझी जीवनशैली? पहाटे चालायला जाता येतं ते रात्री झोप मिळालेल्या माणसाला. कचेरी साडेदहाला उघडायची आणि पावणेसहाला बंद व्हायची, म्हणून मी आठच्या आत जेवू शकलो. दादाची पाळी दर आठवड्याला बदलायची. पहिली, दुसरी, रात्रपाळी. जेवणाच्या वेळा त्यानं पाळल्या नाहीत, असं मी म्हणालो होतो. त्या वेळा त्याच्या हातात होत्या कुठं? आणि माझी ती सुखाची खुर्ची मला मिळाली ती त्याच्या रात्रपाळ्यांच्या पैशातून. म्हणजे ज्या चालण्याचा मी मोठेपणा मिरवत होतो, ते चालणंसुद्धा त्यानंच मला दिलेलं होतं.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, मग सगळं प्रारब्धावर टाकायचं का? चालणं सोडायचं, पथ्य सोडायचं, जे व्हायचं ते होईल म्हणायचं? तसं मी म्हणत नाही. आपल्या शास्त्रानं प्रारब्धाशेजारी क्रियमाण ठेवलं आहे ते उगीच नव्हे. गुरुचरित्रातली नरहरीची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. कुष्ठानं पिडलेल्या त्या माणसाला श्रीगुरूंनी औदुंबराचं वाळकं लाकूड दिलं आणि पाणी घालायला सांगितलं. लोक हसले, हा वेडा झाला म्हणाले. तो घालत राहिला. मला ती गोष्ट आता अशी कळते, की पाणी घालणं माणसाकडं असतं, पालवी फुटणं त्याच्याकडं नसतं. ज्याच्या लाकडाला पालवी फुटली त्यानं, ज्याची फुटली नाही त्याला, 'तू पाणीच घातलं नसशील' असं म्हणू नये. दादानं जन्मभर पाणी घातलं होतं.

आणि 'एवढं करूनही?' या प्रश्नाबद्दल. आपल्याच परंपरेकडं बघा. श्रीपाद श्रीवल्लभांचं अवतारकार्य परंपरेप्रमाणं अवघं तीस वर्षांचं. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराज माणगावला १८५४ साली जन्मले आणि १९१४ साली गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. साठ पुरी व्हायला दोन महिने कमीच होते. देशभर अनवाणी फिरले, संग्रहणीनं शरीर पोखरलेलं असताना लिहीत राहिले. त्यांच्या बाबतीत आपण कुणी 'एवढं करूनही?' असं विचारत नाही. वर्षं मोजून माणूस मोजायचा नसतो, हे आपल्याला महाराजांच्या बाबतीत कळतं. मग घरातल्या माणसाच्या बाबतीतच आपण का विसरतो?

उलट दोष आधी कळला तर क्रियमाणाला वाट सापडते. पुतण्या नऊ वर्षं रोज रात्री एक गोळी घेतो, चालतो, तळलेलं टाळतो. त्याच्या दोन्ही मुलांची तपासणी झाली. मुलात दोष नाही, मुलीत आहे. ती आता एकोणीस वर्षांची आहे, दहावीपासून औषध घेते आणि कोल्हापुरात शिकते. आजोबांना जो शाप म्हणून मिळाला, तो तिच्या हातात रक्ताच्या रिपोर्टचा कागद होऊन आला. कागदावर इलाज करता येतो. ज्यांच्या घरात पन्नाशीच्या आत माणसं हृदयविकारानं गेली आहेत, त्यांनी शांती करायची असेल तर जरूर करावी, पण घरातल्या सगळ्यांचं रक्तही तपासून घ्यावं. या लेखातलं एवढं एक वाक्य कुणाच्या उपयोगी पडलं तरी दादाच्या नावानं काही झालं असं मी समजेन.

हे सगळं मला कळलं, तरी वहिनींजवळ बोलायला मात्र आठ वर्षं लागली. शरम मोठी असते. गेल्या दत्तजयंतीला आम्ही दोघं पुतण्याच्या गाडीतून वाडीला गेलो. पाळणा झाला, सुंठवडा घेतला, गर्दी ओसरेपर्यंत घाटावर पायरीवर बसलो. मी धीर करून म्हणालो, "वहिनी, दादाच्या दहाव्याला मी सोप्यात एक बोललो होतो. तुम्हाला आठवतं का माहीत नाही."

त्या नदीकडं बघत म्हणाल्या, "आठवतंय की. ऐकलं हुतं मी."

"मग मला कधी बोलला नाहीत?"

"काय बोलनार भाऊजी? मला बी तसंच वाटत हुतं. तुम्ही म्हणालात लक्ष दिलं नाही. आता ह्यांच्या खाण्याकडं लक्ष कुणी द्यायचं? मीच की. ह्यांना तिखट-तेलाची आमटी आवडायची. रात्रपाळीच्या डब्यात मी वरनं तेल सोडायची. ते आठवतं बघा, अजून रोज भाजी टाकताना."

वीस वर्षं. त्या माउलीनं वीस वर्षं फोडणीच्या प्रत्येक पळीबरोबर स्वतःला दोष दिला होता. मी बोट दादाकडं दाखवलं होतं. ते जाऊन लागलं होतं तिच्या काळजाला. पुतण्याच्या आजाराची हकीकत तिला ठाऊक होती, मुलीच्या गोळ्या ठाऊक होत्या. पण 'म्हणजे वहिनी, तुमच्या तेलानं दादा गेला नाही' हे वाक्य आमच्यापैकी कुणी तिला म्हटलंच नव्हतं. मी तिथं पायरीवर ते म्हटलं. टाचेची शीर, पापणीचे चट्टे, यकृत, जनुक, सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आधी सांगायचं हुतं भाऊजी."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

निवृत्तीच्या वयावर माझं मत आता काय आहे, असं जुने सहकारी विचारतात. मागणी अजून चालू आहे. मी सांगतो, साठ करा किंवा अठ्ठावन्न ठेवा, एमपीएससीची तयारी करत वय उलटून चाललेल्या पोरांचाही विचार करा. पण 'माणसं आता जास्त जगतात' हे कारण देताना जरा थांबा. कोण जास्त जगतो? खुर्चीवर बसलेला की यंत्रापुढं उभा राहिलेला? सरासरीत आम्ही दोघं भाऊ एकत्रच मोजले जातो. माझ्या अठरा वर्षांच्या आणि त्याच्या अकरा महिन्यांच्या पेन्शनीची सरासरी काढली तर आकडा चांगलाच दिसेल. तो आकडा माझ्याही घरचा नाही आणि त्याच्याही. ज्याचं अंग कामात झिजतं त्याच्या निवृत्तीचं वय, ज्याचं झिजत नाही त्यानं आपल्या तब्येतीकडं बघून ठरवू नये.

आणि हाती आलेल्या वर्षांचं काय करावं? याचं मोठं उत्तर मला सापडलेलं नाही, छोटं सापडलं आहे. नोव्हेंबरात मी आठवडाभर इचलकरंजीला पुतण्याकडं राहतो. तिथं दादाच्या बरोबरीचे, मागावर आणि गिरणीत उमेद घालवलेले म्हातारे हयातीच्या दाखल्यासाठी येतात. सुतानं त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसून टाकल्या आहेत. यंत्रावर अंगठा उमटत नाही. यंत्राच्या लेखी ते जिवंत नसतात. मी त्यांचा चेहरा मोबाइलसमोर धरायला शिकवतो, डोळ्यांची उघडझाप करायला सांगतो, कागद भरून देतो. एकेकाचं काम झालं की ते हसतात आणि म्हणतात, "झालो का जित्ता?" मी म्हणतो, "झालात."

या अंकाच्या वाचकांकडं माझं एकच मागणं आहे. कुणाच्या घरी माणूस गेला आणि तुम्ही भेटायला गेलात, तर 'काय करायचे, काय खायचे, कधी दाखवलं होतं का' असलं काही विचारू नका. उत्तर देणारं कुणीतरी आत उंबऱ्याशी बसलेलं असतं. आणि फिरायला जाताना कुणी तब्येतीचं रहस्य विचारलं, तर सांगा, आईबापांनी दिलं, समाजानं दिलं, भावानं दिलं, थोडं चालतो मीही. बाकी महाराज जाणोत.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥